खारीच्या फोटोसाठी थांबलेला माणूस

माझा मित्र गेला त्याला आता तीन वर्षं होतील. तो फुरसं चावून गेला हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते खरंच आहे. पण फुरसं चावल्यावर तो सतरा मिनिटं जागचा हलला नव्हता. हलू नको असं मीच त्याला सांगितलं होतं. हे मी आजवर दोनच माणसांजवळ बोललो. एक माझी बायको, आणि दुसरी त्याची.

बीबी गावात माझं फोटो स्टुडिओचं दुकान आहे. एक काळ असा होता की लग्नसराईत मला घरी जेवायला वेळ मिळत नसे. डोणगावपासून दुसरबीडपर्यंत लोक बोलवायला यायचे. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि माझ्या वाट्याला पासपोर्ट साइज फोटो आणि हार घातलेले फोटो उरले. हातात कॅमेरा होता, सेकंडहँड घेतलेली एक लांब लेन्स होती आणि रिकाम्या सकाळी होत्या. ज्यांना वाघ परवडतो ते ताडोब्याला जातात. मला खार परवडली. घरामागच्या पेरूवर रोज दोन खारी यायच्या. त्यांच्यापासून सुरुवात झाली, आणि पाहता पाहता मला दुसरं काही सुचेनासं झालं. खार एका जागी दोन सेकंद टिकत नाही. तिचा डोळा नीट धारदार आला की आठवडाभर मी त्या आनंदात असायचो.

एकदा दुसरबीडच्या रस्त्याला बाभळीखाली मी पालथा पडून कॅमेरा लावून होतो. मागं एक मोटारसायकल कचकन थांबली.

“ओ भाऊ! भाऊ! जित्ते आहात का?”

मी मान वळवली. पन्नाशीच्या आतबाहेरचा, उन्हानं रापलेला माणूस. गाडीला दोन्ही बाजूंनी कोथिंबिरीची पोती बांधलेली.

“खारीचा फोटो काढतोय,” मी म्हणालो.

“खारीचा?” तो गाडीवरून उतरलाच. “लोक वाघाचा काढतात न.”

“वाघ इथं कुठून आणू?”

“हाव, ते बी खरं.” त्यानं विचार केला. “मंग माह्या मळ्यात या. तथी खारी इतक्या आहेत का आमाले टमाट्याले हात लावू देत नाईत.”

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. मळा म्हणजे विहिरीच्या आसपासची दोन एकर जमीन. वांगी, टमाटे, मेथी, कोथिंबीर. पलीकडच्या बांधावर त्याच्या आज्यानं लावलेली झाडं होती. कडुनिंब, बोरी, दोन आंबे, एक थोराड चिंच. कुणी त्यांना कधी तोडलं नव्हतं, म्हणून तिथं छोटंसं बनच झालं होतं. बनाच्या कडेनं ढोरं शिरू नयेत म्हणून वाळक्या बाभळीच्या काट्यांची कुपाटी रचलेली. खारी त्या कुपाटीवरून अशा पळायच्या की काटे जणू त्यांना लागतच नाहीत.

पुढची दोन वर्षं मी आठवड्यातून तीन-चार सकाळी त्या मळ्यात असायचो. मित्रानं माझा छंद आपला करून घेतला. त्याला फोटोतलं काही कळत नव्हतं, पण खारीतलं सगळं कळत होतं. कोणती खार कोणत्या झाडाची, कोणती गाभण आहे, कुणाची शेपटी मांजरानं तोडली, हे तो पाणी धरता धरता सांगायचा. खारीनं अर्धा खाल्लेला टमाटा उचलून तो उरलेला अर्धा स्वतः खायचा. शेजारचे लोक त्याला म्हणायचे, औषध टाकून दे, एका दिवसात साफ होतील. तो म्हणायचा, “टाकलं तर मंग सकाळून बोलू कोणाशी?”

आणि त्याच्यात आणखी एक गोष्ट होती. त्याला स्थिर उभं राहता यायचं. दाऱ्यावर पाणी धरणाऱ्या माणसाला ती सवय असते, पण त्याची वेगळीच होती. एकदा तो बोरीखाली उभा असताना खार त्याच्या पायावरून गेली, मागं फिरली, अंगठा हुंगला आणि मग गेली. झाडाखाली सावलीत उजेड कमी पडतो, म्हणून मी लग्नाच्या सजावटीतलं थर्माकोलचं पांढरं शीट घेऊन जायचो. ते उन्हाकडं तोंड करून धरलं की सावलीत मऊ उजेड पडतो. शीट तो धरायचा. अर्धा अर्धा तास. मी त्याला थट्टेनं माझा स्टँड म्हणायचो. तो मला म्हणायचा, “स्टँडले चहा लागते बे.”

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी, सोयाबीन सोंगून झालं होतं आणि कापसाची पहिली बोंडं फुटत होती, तेव्हा कुपाटीला लागून असलेल्या कडुनिंबावर एका खारीनं घरटं केलं. दीड पुरुष उंचीवर, दोन फांद्यांच्या बेचक्यात. गवत, काथ्या, शेजारच्या वावरातला कापूस आणि माझ्या वहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या ब्लाउजची एक निळी चिंधी. आत तीन पिल्लं होती. खारीचं घरटं एवढं खाली आणि एवढं उघड मी कधी पाहिलं नव्हतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक फोटोस्पर्धा होती. आदल्या वर्षी मला तिथं उत्तेजनार्थ म्हणून एक कागद मिळाला होता. या वर्षी पहिला नंबर घ्यायचा असं मी मनात धरलं होतं. घरट्यासमोर एक फांदी आडवी येत होती. तिची पानं प्रत्येक फोटोत अस्पष्ट हिरवा डाग होऊन बसायची. एका सकाळी मित्र विहिरीकडं गेला असताना मी कोठ्यातला विळा घेतला आणि ती फांदी तोडली.

तो परत आला. तोडलेल्या फांदीकडं पाहत उभा राहिला.

“हे काय केलं बे?”

“आड येत होती.”

“तिले आडोसा होता तो.” एवढंच बोलला. तो कधी रागावायचा नाही, पण त्या दिवशी चहाला बस म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तो बांधावरच उभा होता. रात्रीतून राग गेला होता.

“खार सकाळपासून चिरचिर करून राह्यली,” तो म्हणाला. “घर बदलीन ते आज. पिल्लं नेईन. पाह्य, तुले तुझा फोटू भेटन.”

खार पिल्लू नेते ते पाहण्यासारखं असतं. ती पिल्लाचं पोट तोंडात धरते आणि पिल्लू तिच्या मानेभोवती चारी पायांनी वेढा घालतं. लांबून वाटतं तिनं गळ्यात काही बांधलंय. तो फोटो मला दोन वर्षं हवा होता. आम्हा दोघांना मिळून हवा होता असं म्हटलं तरी चालेल.

मी तिपाईवर कॅमेरा लावला. तो शीट घेऊन कुपाटीला लागून उभा राहिला, कारण उजेड तिथूनच नीट पडत होता. पायात त्याच्या त्या झिजलेल्या चपला. पहिलं पिल्लू तिनं इतक्या झटक्यात नेलं की मी बटन दाबायच्या आत ती चिंचेवर होती. मी शिवी हासडली. तो गालातल्या गालात हसला.

“अजून दोन आहेत न. काऊन घाई करतं?”

खार परत आली, घरट्यात शिरली. आम्ही थांबलो. आणि तेवढ्यात तो “स्स्” करून दचकला.

मी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. “काय झालं?”

“पायाले काहीतरी लागलं. काटा असन.”

“हलू नको. ती पाहतेय.”

“बरं.”

आता हे सगळं सांगायला जेवढा वेळ लागतो त्याहून ते फार लांब होतं. खार तोंड बाहेर काढायची, आत घ्यायची. थोड्या वेळानं तो म्हणाला, “अबे, ठणकून राह्यलं.” मी म्हणालो, “दोनच मिनिटं भाऊ, निघालीच.” मग मला कॅमेऱ्यातून दिसलं की तिच्या तोंडावरचा उजेड थरथरतोय. शीट हलत होतं. त्याचे हात कापत होते. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मी म्हणालो, “शीट नीट धर न.”

त्यानं नीट धरलं. उजेड स्थिर झाला.

ती पिल्लू घेऊन बाहेर आली. फांदीवर थांबली, आमच्याकडं पाहिलं, आणि गेली. मी अकरा फोटो काढले.

“मिळाला!” मी ओरडलो. मागं वळलो तेव्हा तो खाली बसला होता. पायजम्याचा काठ वर केलेला. घोट्याच्या खाली दोन बारीक टिंबं आणि त्यातून रक्ताची धार चपलेवर. पाऊल सुजून चकाकत होतं. तो शांतपणे म्हणाला, “हे काट्याचं नाई बे.”

मी काठीनं कुपाटीचा वाळका पाला बाजूला केला. करवतीनं लाकूड कापल्यासारखा खर्र खर्र आवाज आला. वीतभरच होतं. मातीच्या रंगाचं, वेटोळं करून अंगाला अंग घासत बसलेलं.

मी त्याला मोटारसायकलवर मागं बसवला आणि सरकारी दवाखान्यात नेला. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, आणि रस्ताभर त्याचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “चावून किती वेळ झाला?”

“वीस-पंचवीस मिनिटं,” मी म्हणालो.

मित्र स्ट्रेचरवर होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलतोय हे त्याला कळलं, आणि का बोलतोय तेही.

विषावरची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. कुणी हलगर्जी केली असं मी म्हणू शकत नाही. दुपारपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं, लघवी लाल झाली, तेव्हा त्याला जालन्याला हलवला. तिथं किडनी काम करत नाही असं सांगितलं. डायलिसिस चालू झालं. वहिनी आणि त्याचा थोरला भाऊ तिथंच जिन्याखाली पथारी टाकून राहिले. मी रोज जाऊन-येऊन होतो.

तिसऱ्या दिवशी त्याला जरा बरं वाटत होतं. तोंड सुजलेलं, आवाज खोल गेलेला. मला हातानं जवळ बोलावलं.

“फोटू आला का बे?”

“आला.”

“दाखव.”

कॅमेरा मी घरी ठेवून आलो होतो. त्या दिवसापासून मी त्याला हात लावला नव्हता. “उद्या आणतो,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा तो शुद्धीत नव्हता. मग तो शुद्धीत आलाच नाही.

पाचव्या दिवशी घरचे सगळे जालन्यात म्हणून मी मळ्यात पाणी द्यायला गेलो. बैलांना कडबा टाकला. थर्माकोलचं शीट पडलं होतं तिथंच होतं, पाखरांनी टोचून त्याचे दाणे दाणे केलेले. कडुनिंबाखाली तिसरं पिल्लू पडलेलं होतं. मुंग्या लागल्या होत्या. आई त्याला न्यायला परत आली नव्हती, की आली आणि ते तिच्या तोंडातून सुटलं, कोण जाणे. मी तोडलेली फांदी बाजूलाच वाळून पडली होती. मी पिल्लावर माती लोटायलाही थांबलो नाही. मोटर बंद केली आणि निघालो.

त्याच संध्याकाळी आणखी एक झालं. स्पर्धेची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. फोटो पाठवला नाही असं मी इथं लिहू शकतो, विचारायला कुणी येणार नाही. पण मी पाठवला. तो जिवंत आहे, तो बरा होईल, त्याला आनंद होईल, असं मी स्वतःला सांगितलं. कॉम्प्युटरवर अकरा फोटो उघडले आणि त्यातला एक निवडला. निवडताना प्रत्येक फोटोखाली कॅमेऱ्यानं नोंदवलेली वेळ दिसत होती. तो दचकला तेव्हा माझ्या बोटाखाली बटन दाबलं गेलं होतं आणि एक हललेला, नुसत्या घरट्याचा फोटो निघाला होता. त्या फोटोपासून पिल्लाच्या फोटोपर्यंत सतरा मिनिटं होती. मला वाटत होतं चार-पाच असतील.

आठव्या दिवशी तो गेला. जालन्याच्या दवाखान्यात मी एका डॉक्टरला बाहेर गाठून विचारलं होतं, सतरा मिनिटं आधी आणला असता तर? त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “तसं सांगता येत नाही,” ते म्हणाले. “लवकर आलेलं चांगलं, एवढंच सांगता येतं.”

तेरवीला लावायला फोटो हवा म्हणून त्याच्या भावानं मलाच सांगितलं. आमच्या गावात तेरवीचा फोटो करायचा म्हणजे मीच. त्याचे फोटो माझ्याकडं फार नव्हते. दोन वर्षं मी त्याच्या मळ्यात खारींचे हजारो फोटो काढले, आणि त्याचे पाच. त्यातल्या चारांत त्याचं तोंड शीटमागं. पाचवा त्याच सकाळचा, उन्हं वर यायच्या आधीचा. हातात चहाचा कप, तो काहीतरी बोलत हसतोय. मी तो मोठा केला, मागची झाडं पुसून निळा रंग भरला, फ्रेम केली.

तेरवीच्या आदल्या दिवशी फ्रेम घेऊन गेलो. वहिनीनं ती मांडीवर घेतली. बराच वेळ पाहत बसली.

“कधीचा हो भाऊजी हा? असा हसलेला नाई पाह्यला मी लय दिवसांत.”

“त्याच दिवशीचा,” मी म्हणालो. आणि मग मला थांबता आलं नाही. फांदीपासून सांगितलं. काटा असेल असं तो म्हणाला ते, ठणकतंय म्हणाला ते, शीट नीट धर म्हणालो ते. दवाखान्यात खोटं सांगितलं ते. ओसरीवर बायका गहू निवडत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

“आहे का तो फोटू?” तिनं विचारलं.

“कोणता?”

“ज्याच्यासाठी थांबवलं तो.”

कॅमेरा पिशवीत होता. मी तो चालू केला, फोटो काढून तिच्यासमोर धरला. तिनं कॅमेरा हातात घेतला नाही, फक्त वाकून पाहिलं. फांदीवरची खार, तोंडात गुलाबी पिल्लू, मागं घरट्यातून लोंबणारी निळी चिंधी.

“एवढुसं?” ती म्हणाली.

मी कॅमेरा बंद केला.

“तुमी त्यायले हाक माराची होती न जोरानं, पाय पाहा म्हून. खार गेली असती पळून. दुसरी आली असती उद्या.” तिचा आवाज चढला नाही. “तुमाले कळलं नसन का, बाप्पा? माणूस कापून राह्यला होता.”

“शीट हलताना दिसलं,” मी म्हणालो. “त्याच्याकडं पाहिलं नाही.”

ती फ्रेम घेऊन उठली. आत जाताना दारात थांबली. “उद्या जेवाले या. लोक विचारतीन नाई आले तर. मंग नका येऊ.”

मी गेलो. पंगतीत बसलो. लोकांनी मला जवळ घेतलं, तुमचा जोडीदार गेला म्हणाले, तुम्ही होते म्हणून दवाखान्यापर्यंत तरी पोचला म्हणाले. मी मान हलवत राहिलो. वाढणाऱ्या बायकांत वहिनी नव्हती.

स्पर्धेत त्या फोटोला काही मिळालं नाही. तो पाठवल्याचं मी वहिनीला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मळ्यात मी पुन्हा गेलो नाही. घरामागच्या पेरूवर खारी येतात, पण कॅमेरा मी दुकानातच ठेवतो. एकदा दोनदा लावून पाहिला. खार समोर आली की माझं लक्ष तिच्यावर राहत नाही. मी कॅमेऱ्याबाहेर आजूबाजूला पाहायला लागतो, कुणी उभं आहे का, कुणाला काही होतंय का. मागं अंगणात माझी बायको कपडे वाळत घालत असते. तेवढ्यात खार गेलेली असते.

वहिनी आता बाजाराच्या दिवशी स्वतः भाजी घेऊन बसते. सुरुवातीला मी दुसऱ्या बाजूनं जायचो. या उन्हाळ्यात एकदा समोरासमोरच आलो. वळायला जागा नव्हती. मी तिच्यासमोर बसलो आणि मेथीची एक जुडी उचलली.

“कशी आहे शेती?” मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

“आहे.” तिनं दुसरी जुडी स्वतःच माझ्या पिशवीत टाकली. मग जुड्यांवर पाणी शिंपडत, माझ्याकडं न पाहता म्हणाली, “निंब पाडला भाऊजी तो. बाकीचे बी पाडले. चिंच तेवढी राह्यली, तिचं बूड मोठं आहे, मशीन आणा लागन म्हणतात.”

“काऊन?”

“भाड्यानं द्याचं म्हणतात दीर. सावलीत पीक नाई येत.” थोडी थांबली. “अन् मले तथी जाणं होत नाई.”

मागं एक गिऱ्हाईक उभं राहिलं होतं. तिनं त्याला वांगी मोजायला घेतली. मी उठलो. चार पावलं गेल्यावर तिनं हाक मारली, मी वळलो. मेथी मी तिच्या पाटीजवळच विसरलो होतो. तिनं पिशवी उचलून पुढं केली आणि मी ती घेतली.